घाम, त्वचा आणि शाळा

(शिक्षकांच्या सभेत वाचावयाच्या भाषणाचा मजकूर)



फाल्गुन सरता सरता भीमेच्या काठावरील उन्हाचा नूर पालटतो. उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्यामागे यशवंतसागर हा विस्तीर्ण जलाशय उभा राहिला. त्याचे पाणी या दिवसांत हळूहळू मागे सरकू लागते. ओल्या गाळाला भेगा पडतात. विजेच्या मोटारी आणि नळ यांना पाण्याचा पाठलाग करीत पुढे न्यावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर जलाशयातील साठा मृतसाठ्याच्या रेषेच्याही बराच खाली गेला होता. करमाळा तालुक्यातील कंदर, वांगी, चिखलठाण, केत्तूर यांसारख्या काठच्या गावांत उसाचे मळे आणि केळीच्या बागा हिरव्यागार दिसतात खऱ्या. परंतु पारा चाळीस अंशांच्या वर चढला म्हणजे त्या हिरवळीत राबणाऱ्या माणसाच्या अंगातून घामाच्या धारा लागतात. त्याच घरांतील मुले सकाळच्या शाळेत येऊन बसतात, तेव्हा कोणाची मान घामोळ्यांनी लाल झालेली असते, कोणी काख खाजवीत असतो, तर कोणी अंगावरील चट्टा सदऱ्याच्या बाहीखाली झाकून ठेवीत असतो.

अशा एका मुलाची कल्पना करावी. त्याच्या मानेवर गजकर्णाचे वाटोळे उठले आहे. शेजारचा मुलगा सरकून बसतो. दुसऱ्या दिवशी बाकावर तो एकटाच उरतो. तिसऱ्या दिवशी बाक रिकामे असते. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण पडते, पण तिचे कारण कोठेच लिहिले जात नाही. रोग कातडीचा होता. जखम मात्र मनाला झाली. वाढत्या वयाच्या मुलींच्या बाबतीत तर घामाच्या वासावरून झालेली एखादी थट्टादेखील शाळा सुटण्यास पुरेशी होते. घामाचा विषय क्षुल्लक वाटला, तरी प्राथमिक शिक्षकाने तो नीट समजून घ्यावयास हवा, तो याचसाठी.

घाम येतो तो कशासाठी?

घाम ही शरीरातील घाण आहे आणि ती बाहेर पडते, असा एक समज खेड्यांत व शहरांत सारखाच रूढ आहे. तो बरोबर नाही. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे व यकृत करतात. घामाचे खरे काम शरीर थंड राखणे हे होय. माणसाच्या त्वचेत सुमारे वीस ते चाळीस लाख घामग्रंथी असतात. शरीराचे तापमान वाढू लागले की मेंदूतील नियंत्रक केंद्र त्यांना कामास लावते. घामात जवळजवळ सारे पाणीच असते. उरलेल्या अल्प भागात मुख्यतः मीठ आणि थोडी इतर द्रव्ये असतात.

हे पाणी वाळताना त्वचेतील उष्णता घेऊन जाते. एक लिटर घाम वाळण्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. एवढ्या उष्णतेत पंचवीस अंशांचे सात लिटरांहून अधिक पाणी उकळीपर्यंत तापविता येईल. शाळेच्या ओसरीवरील माठ हे याचेच उदाहरण आहे. माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाळते आणि आतील पाणी गार होते. रंग दिलेल्या माठात पाणी गार होत नाही, कारण त्याची छिद्रे बुजलेली असतात. माणसाची त्वचा हाही एक माठच आहे, असे मुलांना सांगितले तर ती हा पाठ सहसा विसरणार नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. निथळून खाली पडलेला घाम शरीरास थंड करीत नाही. वाळलेला घामच थंड करतो. उसाच्या दाट फडात वारा नसतो आणि पाचटातील ओलीमुळे हवा दमट असते. तेथे घाम येतो पुष्कळ, पण वाळतो थोडा. म्हणून मोकळ्या माळापेक्षा फडात जीव अधिक कासावीस होतो, आणि त्वचाही अधिक काळ ओली राहते. तसेच लहान मुलांना मोठ्या माणसांच्या मानाने घाम कमी येतो. मुलाचे अंग कोरडे आहे, म्हणजे त्याला ऊन लागत नाही, असा अर्थ काढणे धोक्याचे आहे.

त्वचेवर काय घडते?

आलेला घाम लौकर वाळला किंवा धुतला गेला, तर त्वचेचे काही बिघडत नाही. बिघडते ते तो तासन्‌तास अंगावर राहिल्याने. पुष्कळ वेळ धुणे धुतल्यावर बोटांची कातडी कशी फुगते व सुरकुतते, हे सर्वांनी पाहिले आहे. घामात भिजत राहिलेल्या त्वचेचा वरचा थरही असाच मऊ पडतो. मऊ पडलेल्या थरावर कपड्याचे किंवा कातडीवर कातडीचे घर्षण झाले की तो सोलवटतो. मान, काखा, जांघा, कोपराची व गुडघ्याची लवण आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या येथे हा त्रास प्रथम दिसतो. घाम वाळल्यावर मागे राहिलेले मीठ अशा जागी चुरचुरते. उसाच्या पात्याने हातापायांवर बारीक चिरा पडलेल्या असतील, तर घामाची आग अधिकच होते.

घामोळे उठते ते निराळ्या कारणाने. घामाची बारीक नळी तोंडाशी बुजते, घामाला बाहेर पडावयास वाट मिळत नाही आणि तो त्वचेच्या आतच झिरपतो. त्यातून लाल पुरळ व टोचल्यासारखी खाज उत्पन्न होते. यावर दाट पावडरीचा थर चढविणे किंवा घट्ट तेल चोपडणे हा पुष्कळ घरांतील नित्याचा उपाय आहे. पण बुजलेल्या नळ्यांवर आणखी बूच बसविण्यासारखाच तो आहे. वारा, सावली, सैल सुती कपडा आणि थंड पाण्याने अंग धुणे, एवढ्याने बहुतेक घामोळे काही दिवसांत बसते. नखांनी खाजविल्यास मात्र तेथे पू होण्याचा संभव असतो. यास्तव मुलांची नखे कापलेली असावीत.

घामाच्या वासाविषयीही मुलांना खरे ते सांगावे. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवर राहणारे सूक्ष्म जंतू घामातील द्रव्यांचे विघटन करतात, तेव्हा वास उत्पन्न होतो. वयात येताना काखेतील व जांघेतील एका निराळ्या प्रकारच्या ग्रंथी काम करू लागतात, म्हणून त्या वयात वास वाढतो. हा शरीराच्या वाढीचा नियम आहे. तो त्या मुलाचा किंवा मुलीचा दोष नव्हे, तिच्या घराचा नव्हे, जातीचा तर नव्हेच नव्हे. हे वाक्य शिक्षकाने वर्गात एकदा स्पष्टपणे उच्चारले, तर कित्येक थट्टा जागच्या जागी थांबतील.

कोणता चट्टा कशाचा?

शिक्षकाने वैद्य व्हावे अशी अपेक्षा नाही. परंतु कोणते मूल दवाखान्यात पाठवावयाचे, हे ओळखण्याइतकी नजर त्याला असावी.

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा रोग आहे. त्याचे वाटोळे असते, कड उठावदार व खवलेयुक्त असते, मधला भाग निवळलेला दिसतो आणि खाज फार सुटते. ओलसर, घामट त्वचेवर ही बुरशी झपाट्याने वाढते. ती एकाच टॉवेलाने, एकाच अंथरुणाने किंवा एकमेकांचे कपडे घातल्याने पसरते. गाईवासरांपासून व कुत्र्यामांजरांपासूनही ती माणसाला होऊ शकते.

येथे एका धोक्याची जाणीव देणे अवश्य आहे. खाज तात्काळ थांबविणारी कित्येक मलमे दुकानांत मागताच मिळतात. त्यांतील काहींमध्ये स्टेरॉइड नावाचे द्रव्य असते. त्याने खाज व लाली दबते, रोग गेला असे वाटते, पण आत बुरशी वाढतच असते. काही दिवसांनी रोग दुप्पट पसरतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो. गेल्या काही वर्षांत साऱ्या देशात हट्टी गजकर्णाचा जो प्रादुर्भाव झाला, त्याच्या कारणांत या मलमांचा गैरवापर हे एक मोठे कारण मानले जाते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम केला. नियम झाला तरी सवय तशीच मागे उरते. म्हणून पालकसभेत ही गोष्ट पुनःपुन्हा सांगावी. डॉक्टरांनी दिलेले औषध, चट्टा दिसेनासा झाल्यावरही, त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवावयाचे असते, हेही सांगावे.

खरूज ही घामाने होत नाही. ती एका सूक्ष्म किड्यामुळे होते. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि रात्री वाढणारी खाज ही तिची खूण होय. तिच्यावर घरातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. एकट्या मुलाला औषध लावून ती जात नाही.

मुलांच्या गालांवर किंवा पाठीवर फिकट चट्टे दिसतात, त्यांना शिबे म्हणतात. ती बहुधा निरुपद्रवी असतात आणि त्यांसाठी मुलाला दूर बसविण्याचे कारण नाही. परंतु फिकट वा लालसर चट्टा बधिर असेल, स्पर्श कळत नसेल, सारे अंग घामाने डवरले असता तेवढा चट्टा कोरडाच राहत असेल, तर ते कुष्ठरोगाचे चिन्ह असू शकते. अशा मुलाला, कोणासमोर वाच्यता न करता, पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. त्यावरील औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. रोग वेळेवर ओळखल्यास पूर्ण बरा होतो आणि व्यंग टळते. उपचार घेणाऱ्या मुलाला शाळेबाहेर ठेवण्याची काही गरज नसते.

आणखी एका कारणाकडे लक्ष वेधले पाहिजे, ते म्हणजे गाजर गवत. पुण्यात १९५५ च्या सुमारास हे गवत प्रथम नजरेत भरले आणि पुढे ते देशभर पसरले. त्याचे सूक्ष्म कण घामाने ओल्या झालेल्या चेहऱ्यास, मानेस व कोपराच्या लवणीस चिकटतात आणि ज्यांना ते मानवत नाही त्यांच्या कातडीवर खाज, लाली व जाडपणा आणतात. शाळेच्या आवारातील हे गवत फुले येण्यापूर्वी उपटावे. पण ते काम उघड्या हातांनी मुलांकडून कदापि करवू नये.

जलाशयाचे पाणी

काठच्या गावांतील मुलांना घाम आला की धरणाच्या पाण्यात उडी घेण्याचा मोह होतो. पोहणे ही उत्तम गोष्ट आहे. पण पाणी कसे आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांकडील सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि भीमेतून या जलाशयात येते. त्या पाण्यातील पोषक द्रव्यांवर निळे-हिरवे शेवाळ वाढते आणि पाणी उतरल्यावर त्याचा तवंग काठाला दाटतो. अशा शेवाळाच्या काही जाती त्वचेस व डोळ्यांस दाह करतात. घामाने मऊ पडलेल्या, चिरा गेलेल्या कातडीस हा दाह लौकर होतो. यास्तव हिरवट तवंग किंवा दुर्गंधी असलेल्या पाण्यात मुलांनी उतरू नये आणि जनावरेही घालू नयेत. उतरणे भागच पडले, तर घरी येताच स्वच्छ पाण्याने अंग धुवावे आणि ओले कपडे अंगावर वाळू देऊ नयेत. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना हे विशेषत्वाने सांगितले पाहिजे, कारण त्यांचा पाण्याशी संबंध रोजचा आहे.

घाम आल्यानंतर काय करावे?

याचे उत्तर चार शब्दांत फळ्यावर लिहिता येते: पुसणे, धुणे, कोरडे करणे, बदलणे.

खेळ किंवा काम संपल्यावर मुलाने सावलीत बसावे आणि सुती फडक्याने घाम टिपून घ्यावा. घासून पुसू नये. मऊ पडलेली कातडी घासल्याने सोलवटते. कष्ट थांबल्यावरही काही वेळ घाम येतच राहतो. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे निवल्यानंतर अंग धुतले, तर धुतलेले कपडे लगेच पुन्हा भिजत नाहीत.

धुण्यास पुष्कळ पाणी लागते असे नाही. उन्हाळ्यात जेथे घागर दुरून आणावी लागते, तेथे अर्ध्या बादलीतही काम भागते. काखा, जांघा, मान व पाय ही ठिकाणे आधी धुवावीत. तेही न जमल्यास ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत. साबण सौम्य असावा आणि तो दिवसातून एकदा लावला तरी पुरे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो आणि तेच तिचे एक संरक्षण असते. कपड्यांचा साबण किंवा सोडा अंगाला लावल्याने ते संरक्षण निघून जाते. पुष्कळ विंधन विहिरींचे पाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही आणि त्याचा अंश अंगावर राहतो. म्हणून साबण थोडा आणि खळखळून धुणे अधिक, असा नियम ठेवावा.

कोरडे करणे ही पायरी लोक सर्वांत अधिक विसरतात, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. बेचक्या, काखा व जांघा ओल्या ठेवून कपडे चढविले तर आंघोळीचा लाभ निम्मा वाया जातो. बुरशीला घाम काय आणि पाणी काय, ओल तेवढी हवी असते. ज्यांची कातडी धुतल्यावर फार कोरडी पडते, त्यांनी खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. घामोळे असलेल्या जागी मात्र तेल लावू नये.

शेवटी कपडा. घामाने भिजलेला सदरा खुंटीवर वाळवून दुसऱ्या दिवशी घातला, तर पाणी गेलेले असते, पण मीठ व जंतू तसेच राहतात. पाठीवर उमटलेल्या पांढऱ्या रेघा म्हणजे हेच मीठ. ज्या मुलाजवळ गणवेशाचा एकच जोड धड आहे, त्याला रोज धुतलेला कपडा घालून ये, असे दरडावण्यात अर्थ नाही. संध्याकाळी निव्वळ पाण्यातून काढलेला सदरा उन्हाळ्यात रात्रभरात वाळतो, ही युक्ती त्याला सांगावी. आतले कपडे व टॉवेल मात्र उन्हात वाळवावेत.

बाहेरून त्वचेची निगा राखताना आतून गेलेले पाणी भरून काढण्यास विसरू नये. मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता, तासातासाने पाणी पिऊ द्यावे. फार घाम, जुलाब किंवा थकवा असल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. मूल बरळू लागले, भोवळ येऊन पडले किंवा अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. तेथे निवण्याची वाट पाहावयाची नाही. त्याला सावलीत नेऊन तत्काळ अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि दवाखान्यात हलवावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

शाळेत काय करता येईल?

या सर्व गोष्टी व्याख्यानाने नव्हे, तर प्रत्यक्षाने शिकविता येतात. एक हात ओला व एक कोरडा ठेवून दोन्हींवर फुंकर घातली, की वाळणाऱ्या पाण्याचा गारवा मुलाला स्वतः कळतो. पाटीवर मिठाच्या पाण्याचे थेंब वाळू दिले, की सदऱ्यावरील पांढऱ्या रेघेचे कोडे उलगडते. पंजावर पारदर्शक पिशवी पाच मिनिटे सैल बांधली, की आतून जमलेला दमटपणा दिसतो आणि स्वस्थ बसलेल्या माणसाच्या त्वचेतूनही पाणी जाते, हे ध्यानात येते. तीन प्रयोग आणि खर्च शून्य.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथक शाळेत येते, तेव्हा त्वचारोगांचीही तपासणी होते. त्या दिवसापूर्वी शिक्षकाने आपल्या वर्गाची एक लहानशी टिपणी करून ठेवावी: कोणाला खाज आहे, कोणाचा चट्टा वाढतो आहे, कोण वारंवार गैरहजर असतो. ती टिपणी फळ्यावर लिहावयाची नाही आणि वर्गात वाचावयाची नाही. मुलाला बाजूला बोलावून विचारावे, आणि मुलींना बाईंनी विचारावे. ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले चार महिन्यांची पाहुणी असली, तरी त्यांची नावेही या टिपणीत असावीत.

सोलापूर जिल्ह्याची चादर आणि टॉवेल यांची ख्याती दूरवर पसरलेली आहे. ज्या जिल्ह्यातील मागांवर विणलेले टॉवेल परमुलखात जातात, त्या जिल्ह्यातील प्रत्येक मुलाच्या वाट्याला स्वतःचा एक लहानसा पंचा यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही. जुन्या सुती धोतराचा फाडलेला तुकडाही चालेल, फक्त तो त्याचा एकट्याचा असावा आणि धुतलेला असावा.

घाम हे कष्टाचे चिन्ह आहे, आणि भीमाकाठच्या घरांत कष्टाची लाज बाळगावी असे काही नाही. लाज वाटावयास हवी ती रिकाम्या राहिलेल्या बाकाची. तो बाक पुन्हा भरला, त्या मुलाच्या शेजारी दुसरे मूल पूर्वीप्रमाणे बसू लागले आणि वाटोळे झाकण्यासाठी सदऱ्याची बाही खाली ओढण्याचे त्याला कारण उरले नाही, म्हणजे आरोग्याचा हा पाठ खऱ्या अर्थाने शिकविला गेला, असे समजावे.